भिंगरीला वाचता येत नाही

भिंगरी सात वर्षांची झाली तरी तिला वाचता येत नव्हतं, आणि तिच्या बाबांच्या जिवाला घोर लागला होता. अक्षरं सगळी तोंडपाठ, पण जोडायची म्हटली की बोंब. स्टॉपवरच्या पाटीवरचं ‘बस’ तिने भर रांगेत मोठ्याने वाचलं, “ब बदकाचा, स सशाचा. बदकससा!” माणसं पोट धरून हसली, बाबा कानकोंडे झाले. शेवटी त्यांनी मोठ्या बहिणीला गळ घातली, “ताई, तूच बघ बाई काय ते.”

भिंगरीची ही आत्या प्रयोगशाळेत कामाला होती. वाचायला शिकताना मुलांच्या मेंदूत अक्षराची आणि आवाजाची गाठ कशी पडते, हे शोधण्यात तिची हयात चालली होती. तिने भाचीला खुर्चीत बसवलं, डोक्यावर वायरींची टोपी चढवली आणि भावाला बाहेरच्या बाकावर पिटाळलं.

पडद्यावर अक्षर उमटायचं, कानात आवाज यायचा. कधी ‘म’ला ‘म’, तर कधी ‘म’ दिसायचा आणि ऐकू यायचा ‘स’.

“जुळलं का गं?” आत्या विचारायची.

भिंगरी नुसते खांदे उडवायची. चेहरा असा, की जन्मात अक्षर पाहिलेलं नाही.

पण संगणकाने सगळ्या फेऱ्यांची मिळून तिच्या मेंदूची रेघ काढली, तेव्हा आत्याच्या भुवया वर गेल्या. वाचायला लागलेल्या मुलाचा मेंदू अक्षर दिसलं की त्याच्या आवाजाची वाट बघतो, आणि भलताच आवाज आला तर दचकतो. हिचा चांगलाच दचकत होता. एका रेघेवरून छातीठोक काही सांगता येत नाही, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. पण डोक्यात किडा वळवळायला लागला की तिला राहवत नसे. तिने साळसूदपणे पडद्यावर एक ओळ टाकली: ‘तुझ्या टोपीत झुरळ आहे.’

“आई गं!” भिंगरी ताडकन उठली, टोपी उपटून फेकली आणि केस झटकत खोलीभर नाचली. मग एकदम थांबली. आत्या हाताची घडी घालून बघत होती.

“वाचता येत नाही ना गं तुला?”

“झुरळ... झुरळ पायांवरून ओळखलं मी.”

“पडद्यावरचं?”

भिंगरीने ओठ काढला. “बाबांना सांगू नकोस ना आत्या! दादाला वाचता आलं, तर बाबा म्हणाले, आता तुझं तू वाच. त्याला गोष्ट वाचून दाखवणंच बंद केलं. राक्षसाचा आवाज मला काढता येतो का?”

आत्याला हसू आवरेना. तिने दार उघडून भावाला आत घेतलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, “पोरगी फाडफाड वाचते. पण तू वाचून दाखवणं थांबवायचं नाहीस. आणि थोरल्यालाही बसव शेजारी.”

बाबांना आनंद झाला, राग आला, आणि मग तेही हसत सुटले.

त्या संध्याकाळी दोन्ही पोरांना घेऊन त्यांनी पुस्तक उघडलं. दिवसभराचा शीण होता; राक्षस गुहेत शिरल्या शिरल्या त्यांनी हळूच दोन पानं एकदम उलटली.

भिंगरीने पुस्तकावर हात ठेवला. “बाबा, राजकन्या अजून झाडावरच आहे. तिला खाली कोण उतरवणार?”