कोंडीबाच्या मागची अकरा

शुक्रवारची यादी पुन्हा भरून गुरुशांतने कोंडीबाचं नाव खोडलं, आणि त्याच्यामागची अकरा माणसं पडद्यावरून नाहीशी झाली. खोटं वाटेल, पण अगदी चहातली साखर जाते तशी गेली.

"बघितलंस?" शिवम्मा सिस्टर म्हणाली. "मी रजेवर. कोंडीबा वारला, बदलीवरच्या बाईनं नाव काढलं, बोर्ड म्हणाला यादी संपली. तिनं सगळ्यांना घरी धाडलं. डायलिसिसची माणसं रे, भाजी न्यायला आली नव्हती."

भवानी पेठेतल्या त्या केंद्राची यादी गुरुशांतनेच सी भाषेत लिहिलेली. मेमरीत प्रत्येक नावाला एक खोली. पुढचं नाव कुठे आहे तो पत्ता फक्त आधीच्या खोलीत. नाव खोडताना गुरुशांत आधी खोली सोडून देत होता आणि मग तिच्यातला पत्ता वाचत होता. घरी तपासताना ते चाललंही होतं. भाडेकरू गेला तरी त्याचं कॅलेंडर काही दिवस भिंतीवर राहतंच.

मंद्रूपचा धुळाप्पा मांडीवर पिशवी घेऊन सकाळपासून बाकावर बसला होता. घरी धाडलेल्या अकरांत त्याची बायको मायाक्काही होती.

"मामा, मायाक्का कुठंय? तिला आधी घेते," शिवम्मा म्हणाली.

"तुमचं हू द्या आदी." तो गुरुशांतकडे वळला. "काय बिघडलंय, इंजनेर?"

गुरुशांतने सांगितलं. धुळाप्पा नुसत्या दातांनी हसला.

"येड्या, म्होरची मेंढी इकायची तर आदी मागचीचा कान धरायचा, मग हिला सोडायची. न्हायतर कळप गेला की रानात. हे शिकाया कालेजात गेलतास व्हय?"

गुरुशांतने दोन ओळींची अदलाबदल केली आणि यादी भरून नाव पुन्हा खोडलं. कोंडीबा गेला, अकराही राहिली.

"एकदा चाललं म्हणजे खरं नव्हे," तो पुटपुटला. "एखादं खोटं नाव घालून बघतो."

"खोटं कशाला?"

धुळाप्पाने पिशवीतून मायाक्काची फाइल काढून टेबलावर ठेवली.

"काल दुपारी गेली. हे काढ. त्यासाठीच आलोय."

शिवम्माने फाइलवर हात ठेवला, उघडली नाही. गुरुशांतचं बोट बटणावर तसंच राहिलं.

"दाब की. मागची ताटकळल्यात."

पडद्यावर मायाक्काच्या जागी बिरुदेव आला, त्याच्यामागे पूनम, मग बाकीची.

धुळाप्पाला वाचता येत नव्हतं.

"समदी हायत?"

"आहेत."

त्याने रिकामी पिशवी झाडली आणि बाकावर बसून सावकाश तिची घडी घालत राहिला.