पुंगळी कुठे पडली?

मी एक जुनी बंदूक आहे, मित्रांनो. दचकू नका. माझ्या पोटात आता एकही काडतूस नाही आणि चापाला गंज चढला आहे. तालुक्याच्या पोलीस ठाण्यातल्या लोखंडी कपाटात मी उभी असते. गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी आहे आणि तिच्यावर लिहिलं आहे, 'नादुरुस्त'. ते खोटं आहे. कसं खोटं आहे, तेवढं सांगू द्या.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. पण मला माझा माणूस मिळाला तो नरडाण्याजवळच्या एका खेड्यात. फौजेतून घरी परतलेल्या सुकदेव आबांनी रीतसर परवाना काढून मला आणलं. गावात आणखी दोन बंदुका होत्या, पण त्या एक बार काढून गप्प बसणाऱ्या. मी स्वयंचलित. एक बार उडाला की त्याच काडतुसाच्या धक्क्याने माझी नळी मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पोटातलं दुसरं काडतूस आपोआप वर येतं. माणसाने फक्त चाप ओढायचा. या गोष्टीचा मला गर्व होता. का नसावा?

मात्र तो धक्काच कमी पडला, तर पुंगळी अर्ध्यात अडकते आणि मी मुकी होते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आबा हे जाणून होते. धुळ्याच्या दुकानातून ते प्रत्येक जातीची पाच-पाच काडतुसं आणत आणि मला घेऊन नाल्याकाठी जात. पाचही ओळीने उडवत. निशाणाकडे त्यांचं लक्षच नसे. ते पाहत पुंगळीकडे. पुंगळी चार पावलांवर जाऊन पडली, तर काडतूस जोरदार. पायाशीच टपकली, तर हलकं. ओल लागून फुगलेलं काडतूस तर ते माझ्या तोंडालाही लावत नसत. मग जोरदार ठरलेल्या जातीची आणखी काडतुसं आणली जात, ती एका पत्र्याच्या डब्यात राहत आणि त्या डब्याच्या कडीला लाल दोऱ्याची गाठ असे. हलकी दुसऱ्या डब्यात, पाखरं हाकायला, एका वेळी एकच भरून.

"पहिला बार कोनी बी मारस," आबा म्हणत. "दुसरा वाजना पाहिजे."

वीस वर्षं माझा दुसरा बार वाजला. दसऱ्याला मला तेलपाणी होई, नळीला झेंडूचं फूल लागे. आबांनी मला कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. परवाना त्यांच्या मुलाच्या, लीलाधरच्या नावावर झाला. लीलाधर धुळ्याला नोकरीला, सुट्टीला गावी येणारा. वाईट नव्हता हो तो. हौशी होता. मित्रांना घेऊन नाल्यावर जायचा, मडकी मांडायचा आणि माझे पाचही बार खडाखड काढून दाखवायचा. मित्र टाळ्या वाजवत. खरं सांगते, मीही फुशारून जाई. पण त्याला गाठीच्या डब्यातलीच काडतुसं लागत, कारण हलक्या काडतुसांनी खडाखड होत नसे. एका हिवाळ्यात डबा रिकामा झाला.

आबा रोज सकाळी तो डबा हलवून बघत. दिसत नसलं तरी हाताला गाठ लागे, आत खुळखुळ होई आणि ते निश्चिंत होत. म्हणून लीलाधरने काय करावं? पाखरांच्या डब्यातली हलकी काडतुसं त्याने गाठीच्या डब्यात ओतली. मी खुंटीवरून बघत होते. ओरडता आलं असतं, तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची कापणी चालली होती. कापत कापत शेवटचा तुकडा उरतो, तेव्हा आत दडलेलं रानडुक्कर उसळून बाहेर येतं. म्हणून त्या तुकड्याजवळ बंदूक उभी करायची, अशी आमच्याकडची रीत. सुट्टीवर आलेला लीलाधर मला घेऊन उभा होता, शेजारी आबा. बाया पुढे जायला कचरत होत्या. भागाबाई मात्र पदर खोचून सर्वांत पुढे झाली.

"आबा उभा शेतस, मंग भेवानं काय काम?" ती म्हणाली.

आबांनी लीलाधरला विचारलं, "गाठना डबामाधलाच शेतस ना रे?"

"हाओ आबा. बठ्ठा त्याच."

तो खोटं बोलला नाही. डबा गाठीचाच होता.

भर दुपारी डुक्कर निघालं. लीलाधरने चाप ओढला. पहिला बार मातीत गेला. डुक्कर बिथरलं आणि बायांच्या अंगावर वळलं. लीलाधरने पुन्हा चाप ओढला. पण पहिल्या बाराचा धक्का पुरला नव्हता. पुंगळी माझ्या तोंडात आडवी अडकली होती. मित्रांनो, मी जीव खाऊन प्रयत्न केला. पण मला गिळताही येईना आणि थुंकताही येईना. डुकराने भागाबाईची मांडी फाडली आणि ते नाल्यात पळालं.

भागाबाई वाचली. पाय मात्र कायमचा अधू झाला.

बाया रडत होत्या. बैलगाडी आणायला माणसं धावली. त्या गोंधळात लीलाधरने अडकलेली पुंगळी बोटांनी उपटली आणि खिशात टाकली. नजर न पोहोचणाऱ्या आबांनी एकच प्रश्न विचारला, वीस वर्षं जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहत आले, त्याचाच.

"पुंगळी कोठे पडनी?"

"दूर पडनी आबा. चार पावलंवर."

म्हणजे काडतूस जोरदार होतं. म्हणजे दोष माझा. आबांनी शिकवलेल्या परीक्षेनेच त्यांच्या लेकाने मला खोटं पाडलं.

"बंदूकनी दगा दिन्हा," लीलाधर सगळ्यांना सांगत सुटला. महिनाभराने मला ठाण्यात जमा करायला नेलं, तेव्हा वाटेत भागाबाई आपल्या घराच्या ओट्यावर काठी घेऊन बसली होती. "ह्या बंदूकमुये मना पाय गया," असं म्हणून तिने तोंड फिरवलं. तो घाव मला गंजापेक्षा जास्त लागला.

तरीही मला आशा होती. ठाण्यात उरलेली काडतुसंही जमा करायची होती. आबांनी स्वतः गाठ सोडली, एक काडतूस तळहातावर घेतलं आणि थबकले. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. हाताने तोलून काडतूस ओळखणारा माणूस तो! तिन्ही हलकी होती. लीलाधरची मान खाली गेली. मला वाटलं, आता आबा बोलणार. आता भागाबाईला खरं कळणार.

आबांनी काडतुसं एकेक करून डब्यात परत ठेवली, झाकण लावलं.

"लिखा साहेब," ते म्हणाले. "बंदूक बिघडेल शे."

त्यांनी लेकाला वाचवलं. बाप होते ते, मला समजतं. पण मी त्यांना माफ केलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र, एखादं जनावर, एखादं माणूस ऐन वेळी अडलं, तर त्याला दगाबाज म्हणण्याआधी त्याच्या पोटात तुम्ही काय घातलं होतं, ते आठवा. आणि कधी नरडाण्याकडे गेलात, तर ओट्यावर काठी घेऊन बसलेल्या भागाबाईला एवढं सांगा की पुंगळी लांब पडली नव्हती.