हळदकुंकू लागलेली रबरी चटई

मी बोलतेय, जरा खाली बघा. पिठाच्या गिरणीत मेन स्विचसमोर अंथरलेली काळी, रेघारेघांची रबरी चटई, ती मी. रूप म्हणाल तर तव्याच्या बुडासारखं. पण वीज माझ्यातून पार होत नाही, आणि या एका गुणावर मी आजवर ताठ मानेनं आडवी पडले आहे.

माझा जन्म नगरशेजारच्या नागापूरच्या एका कारखान्यातला. रुळांतून लाटलं, वाफेत शिजवलं आणि अंग निवतंय तोच परीक्षा घेतली. दोन पत्र्यांमध्ये ठेवून हजारो व्होल्ट सोडले. शेजारणीला भोक पडलं, ती भंगारात गेली. मी पास.

तिथून नगरला, छगनशेठच्या दुकानात. शेठ चौथीपर्यंत शिकलेले, पण गोष्टीशिवाय खिळासुद्धा विकायचे नाहीत. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "वायरीवरचं प्लास्टिक, खांबावरचे चिनी मातीचे कप, पकडीची मूठ आणि ही चटई, यांचा धंदा एकच. विजेला नाही म्हणायचं! आमच्या मेव्हण्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून त्याच्या घरी बारा महिने पाहुणे."

चौऱ्याण्णवच्या श्रावणात पाथर्डीकडचे पुंजाराम मला घेऊन गेले. नवराबायकोनं बारा हंगाम ऊस तोडला होता. आता कोयता ठेवून गावात गिरणी टाकली होती, आणि ती चालवत होती झुंबरबाई. गिरणीत चपला घालायच्या नाहीत, धान्य म्हणजे लक्ष्मी, हा तिथला नियम. मी येण्याआधी तशाच अनवाणी पायांनी ओल्या फरशीवर उभं राहून बाईनं स्टार्टरला हात लावला आणि असा झटका बसला, की दोन दिवस हात बधिर. पुंजारामांनी बजावलं, "पुन्हा एक झटका बसला, की गिरनीला कुलूप. दसरा झाला की पुन्हा ऊसतोडीला, मुकादमाच्या ट्रकात बसायचं."

झुंबरबाईला कोयता नको होता. म्हणून मी आले. बाई माझ्यावर उभी राहायची, बटण दाबायची, पट्टा फिरायचा. दोन महिने कसे गेले कळलं नाही.

मग आली खंडेनवमी. मोटर, जातं, पाने-पकडी, सगळ्यांची पूजा झाली. झुंबरबाई मनाची मोठी. तिनं मलाही हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल. मी लाजले असते, पण काळ्या रंगावर लाज दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी बाईनं पाय उचलला आणि तसाच मागं घेतला. दळणाला आलेली कडूबाई म्हातारी ओरडली, "अगं, पूजल्यालीवर पाय देती व्हय? देव हाय ती आता!"

झालं. मला खिळ्याला टांगलं. वर झेंडूची माळ! घरातलं कुणी वारलं की काय, असं लोक विचारायला लागले. आणि खाली बाई पुन्हा अनवाणी, फरशीवर. देव होऊन असं बिनकामाचं लटकण्यापेक्षा भंगार बरं, असं वाटायला लागलं मला.

चौथ्या दिवशी छगनशेठ वसुलीच्या फेरीवर आले. मला भिंतीवर पाहून कपाळाला हात लावला.

"झुंबरताई, हे काय?"

"पाय कसा द्यावा, शेठ? कुंकू लावलंय."

"खळं करता तेव्हा त्याची पूजा करता का नाही?"

"करतो की."

"नारळ फोडता?"

"फोडतो."

"आणि मग त्याच खळ्यावर बैलं फिरवता! खळं रुसलं का कधी?"

कडूबाईनं पदर तोंडाला लावला. "मेला, बोलतोय खरं," म्हणाली.

झुंबरबाईनं मला खाली घेतलं, वाकून बोटं टेकली, ती कपाळाला लावली आणि दोन्ही पाय ठेवले. ते पाय मला फुलांहून हलके वाटले. शेठ निघताना दारातून म्हणाले, "पुंजाराम, मोटरची अर्थिंगसुद्धा बघून घ्या. चटई एकटी किती पुरेल?" पुंजाराम "बघू, बघू" म्हणाले, आणि बघितलं नाही.

दोनच दिवसांनी उंदरानं स्टार्टरमधली वायर कुरतडली. उघडी तार त्याच्या पत्र्याच्या पेटीला टेकली. बाई येऊन माझ्यावर उभी राहिली, स्टार्टरला हात लावला. वीज तिच्या हातातून माझ्यापर्यंत आली. मी म्हटलं, "रस्ता बंद आहे." बाईला पत्ताही नाही. स्टार्टरमधून चरचर आवाज कसला येतोय म्हणून पुंजाराम पुढं आले, फरशीवरूनच पत्र्याला उलटा हात लावला, आणि थेट पिठाच्या ढिगात! उठले ते पांढरे फटक, मिशीसकट.

झुंबरबाईनं आधी माझ्यावरूनच मेन स्विच खाली ओढला. मग त्यांना नीट न्याहाळलं. धड आहेत म्हटल्यावर कमरेवर हात ठेवला.

"अवं, झटका तर तुमाला बसला. मग कुलूप कुनाला लावायचं?"

दळणाच्या रांगेतल्या बाया पोट धरून हसल्या. पुंजारामांनी मिशी झटकली. "हसा, हसा," म्हणाले, आणि त्याच दुपारी वायरमन आणून तार बदलली, अर्थिंगही घातली.

आज सत्त्याण्णव साल. कडा थोड्या झिजल्यात, पण अंग शाबूत आहे. वाचकहो, घरात, दुकानात माझी बहीण असेल तर तिला कोरडी ठेवा, चीर पडली तर बदला, आणि लाजू नका, पाय द्या. आमचा मान त्यातच आहे.

आणि हो, चौऱ्याण्णवच्या त्या दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रक गिरणीसमोर थांबला, दोनदा हॉर्न वाजला. झुंबरबाईनं माझ्यावर पाय रोवले, बटण दाबलं, आणि पट्ट्याच्या आवाजात तिसरा हॉर्न कुणाला ऐकूच आला नाही.