जिंगोची शपथ

टॅबिथाचे सासरे देवाची शपथ कधी उगाच घेत नसत. बोट ठेचलं तरी त्याऐवजी "जिंगोशपथ" म्हणायचे, नातीला गुडघ्यावर नाचवतानाही तेच. त्या हिवाळ्यात रशियाची फौज तुर्कांच्या दाराशी येऊन ठेपली आणि लंडनच्या गाण्याच्या हॉलांत याच शपथेवर रशियाला धमकावणारं एक युद्धगीत गाजलं. ध्रुपदाला सगळ्यांनी उठून गायचं. बसून राहील त्याच्यावर संत्र्याच्या साली. पेपरवाल्यांनी या लढाईखोरांना कुत्सितपणे "जिंगो" म्हटलं, तर त्यांनी ते नाव बिल्ल्यासारखं मिरवलं. सासऱ्यांनी मात्र ती शपथ घेणंच सोडलं.

रविवारी हाइड पार्कात शांततेची सभा होती. टॅबिथाचा नवरा सायलस, खोगिरं शिवणारा, तिथे फलक धरायला गेला. पोरीला शालीत बांधून टॅबिथा त्याला परत आणायला गेली, तर जिंगोंच्या घोळक्याने त्याला घेरलेलं. पुढे त्यांच्याच गल्लीतला खाटीक ग्रिम्स. मागे टोपी तिरकी करून तिचा धाकटा भाऊ लेम.

फलकाची काठी मोडली होती. सायलसच्या कानातून रक्त येत होतं.

"ध्रुपद म्हण, सोडतो," ग्रिम्स म्हणाला. "नाहीतर रशियाच्या झारकडे घरजावई धाडतो तुला."

सगळे हसले. सायलसने ओठ आवळले. कुणीतरी त्याला बुचकळायला पार्कातल्या तळ्याकडे ओढू लागलं, तशी टॅबिथा मध्ये शिरली.

"ग्रिम्स, फाटकाशी भरतीचा सार्जंट उभा आहे. त्याचा शिलिंग घेतला की झालात शिपाई. जा की. की नुसतं गळ्यानेच लढायचं?"

हसू आता ग्रिम्सवर उलटलं. तो दुकानाचं, गुडघ्याच्या दुखण्याचं काहीबाही पुटपुटला. इतर जण एकमेकांकडे बघेनात. सायलसवरचे हात सैल पडले, तसं तिने त्याचं मनगट धरून त्याला बाहेर काढलं.

लेम मात्र हसला नव्हता. त्याचे कान लालबुंद झाले होते. तो फाटकाकडे चालू लागला.

ती धावली. पोहोचेपर्यंत सार्जंट त्याच्या टोपीला भरतीच्या फिती खोचत होता. शिलिंग मुठीत गेला होता.

"लेम, तुला नव्हते रे म्हणाले मी."

"माहीत आहे, ताई," तो म्हणाला. "पण ऐकलं मी एकट्यानेच."

मागे ग्रिम्सच्या घोळक्याने लेमच्या नावाने युद्धगीताचं ध्रुपद धरलं. ओळखीची शपथ कानावर पडताच शालीतली पोर खुदकन हसून नाचू लागली.