बोनहेड

"तुमचा कुनाचा इश्वास बसनार नाय," मी सुरुवात केली, "पन आपल्या दादूला अमेरिकन सायबानं हेड केलेला!"

जाळी शिवणारे हात थांबले. पलीकडे दादूची बायको, पुष्पलता, बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. तिची पाठ आमच्याकडे. दादूला समुद्रानं नेलं त्याला वर्ष होत आलेलं.

"वयनी हाय तिथं," जिवल्या कुजबुजला. "थापा जपून."

तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, तेव्हा दादू आणि मी तिथं मजूर होतो. आमचा साहेब सगळ्यांना 'बडी' म्हणे, म्हणून तोच बडीसाहेब. खूश झाला की 'होली मॅकरेल!' असं ओरडायचा. मॅकरेल म्हणजे बांगडा, हे खानसाम्यानं सांगितलं तेव्हा आमची खात्रीच पटली, हा आपल्याच कोळीवाड्यातला, फक्त कमी भाजलेला. एकदा तर तो ओरडला आणि टोपलीभर बांगडे उडत येऊन त्याच्या बुटांपाशी पडले.

"पडले असतील," जिवल्या म्हणाला. "फुडं?"

"चुकला का कपालावर हात मारून बोलायचा, 'आय एम अ बोनहेड!' आता हेडमास्तर, हेडकारकून, हेडमुकादम, तसा बोनहेड. दादूला वाटलं, सायेब हुद्दा सांगतो. एक दिवस दादूच्या हातून पाना पडला, तर सायबानं हसून पाठीवर थाप मारली, 'यू अँड मी, बडी, बोनहेड्स!' झाली का नाय बढती?"

सगळे खिदळले. मलाही रंग चढला.

"मंग दिल्लीचा मोठा सायेब आला. रांगेत जो तो आपलं काम सांगतोय. दादूनं छाती ठोकली, 'आय एम बोनहेड, सर!' जो हशा पिकला! वर कमलाकांत कारकुनानं मराठीतून अर्थ सांगितला. मठ्ठ. डोक्यात नुसतं हाड."

"अरे देवा! मंग?"

"मंग काय! कानांत तापलेलं तेल ओतल्यागत झालं. टोपीचा पट्टा हनवटीला रुततोय, पन सोडाया हात उचलंना. वाटलं, खड्डा खनलेला हायच, वरून सिमिट ओता नि बुजवा. डब्यातला घासपन गेला नाय. डबा तसाच घरी."

पुष्पलतेचा हात बांबूवर थांबला.

"वामनभावजी, त्या दिशी डबा रिकामा आलेला."

"इसरली असशील तू."

"नाय इसरले." ती वळली. हातातले बोंबील तिनं खाली ठेवले नाहीत. "तुमचापन डबा त्यानंच खाल्लेला. 'वामनला घास गिलवंना' बोलला. सगले हसाय लागले तवा तो तुमच्या बाजूला जाऊन उभा ऱ्हायला नि बोलला, 'मी पन बोनहेड, साब.' पयले तुमी बोललात, भावजी."