चेर्ना एलाच्या थांब्यावरचं पाणी

"पाणी ओतलं! हिनं रुळांवर पाणी ओतलं!"

वेल्कोकाका ओरडले आणि टेबलावरचा सगळा डोंगर अंधारला. बोगद्यातले दिवे गेले, आणि छोटी गाडी चेर्ना एलाच्या थांब्याच्या अलीकडे गचका खाऊन थांबली.

मी तिकिटाच्या खिडकीवरून धावत आत आले. खऱ्या गाडीने वर आलेले पर्यटक मोबाइल उंचावून उभे होते. हाही खेळाचाच भाग आहे, असं त्यांना वाटलं असावं. स्तामेनामावशी मात्र तांब्याचं रिकामं भांडं हातात धरून उभ्या होत्या.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं, स्तामेना? वीज खेळते त्यात!"

"मला काय माहीत? खऱ्या गाडीला कधी काही झालं नाही."

हे काकांनी स्वतः पाहिलं होतं. खऱ्या गाडीचे ते गार्ड होते. मावशी चेर्ना एलाचा थांबा सांभाळायच्या आणि त्यांचा नवरा झाप्रियान सकाळची गाडी चालवायचा. आमच्याकडे कुणी लांब निघालं, की वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून उंबऱ्यासमोर पाणी ओततात. मावशींचा माणूस इंजिनात, म्हणून त्या रोज इंजिनासमोर ओतायच्या. तपासणीला साहेब आले तरी ओतायच्या. "आज अंघोळच घातलीस की!" असं झाप्रियान वरून ओरडायचा आणि अख्खा डबा हसायचा.

निवृत्त झाल्यावर काकांनी जुन्या प्रतीक्षागृहात ही अख्खी लाइन बांधली. तिच्यावरची माणसंही केली, बोटाच्या पेराएवढी. त्यांचा एक नियम होता. जिवंत माणसं आपापल्या जागी राहणार. कुणी गेलं, की चाळिसावा दिवस झाल्यावर, म्हणजे आत्मा लांबच्या वाटेला निघतो असं आमच्याकडे मानतात तेव्हा, काका त्याला उचलून डब्यात खिडकीशी बसवणार. पाणी ओतलं त्या रविवारी झाप्रियान इंजिनातून डब्यात गेला होता.

पर्यटक पांगल्यावर मी कॉफी आणली. मावशींनी कपाला हात लावला नाही.

"अँब्युलन्स आली तेव्हा मी त्याचे लोकरीचे मोजे शोधत होते," त्या म्हणाल्या. "प्लोव्दिव्हच्या इस्पितळात थंडी वाजेल म्हणून. मोजे घेऊन बाहेर येते तर गाडी वळणावर. पाणी राहिलंच. तो काही परत आला नाही. आज पुन्हा निघाला, म्हणून म्हटलं, निदान आज तरी... आणि बघ, मीच त्याला अडकवून ठेवला."

काका खाली वाकून तारा चाचपू लागले, आणि थोड्या वेळाने माझ्यावरच खेकसले, "बघत काय बसलीस? घरून केस वाळवायचं यंत्र आण!"

आठवडाभर प्रतीक्षागृहाला कुलूप होतं. रोज येऊन मावशी काचेला नाक लावायच्या. गाडी तिथेच, थांब्याच्या अलीकडे. "अजून तिथेच आहे गं," असं मला सांगून परत जायच्या. मी काकांना विचारलं, तर म्हणाले, "तुला तिकिटं फाडायचा पगार मिळतो ना? मग फाड."

रविवारी कुलूप निघालं. मावशी दारातच घुटमळल्या.

"चालते का?" त्यांनी विचारलं.

"आत येऊन बघ की. तिथून काय दिसणार?"

थांब्यावर मावशींची बाहुली होती तिथेच होती. फक्त तिच्या एका हातात झेंडी आणि दुसऱ्या हातात आता इवलंसं तांब्याचं भांडं होतं. तिच्या पायांपासून रुळांच्या मधोमध ओल पसरली होती. मावशी दचकल्या.

"अरे, पुन्हा पाणी?"

"वॉर्निश आहे. सुकलंय. पण ओलंच दिसत राहील," काका म्हणाले आणि त्यांनी कळ दाबली.

गाडी हलली. खिडकीत बसलेला झाप्रियान त्या ओलीवरून सरळ पुढे गेला.

"जरा जास्तच ओतलंस, वेल्को," मावशी हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला, टाचा जुळवल्या आणि शेवटचा डबा बोगद्यात शिरेपर्यंत त्या ड्यूटीवर उभ्या राहायच्या तशा ताठ उभ्या राहिल्या.