वहिनींच्या प्रेसवरची जाळी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे आणि स्वभावाने पक्की संशयी आहे. पत्र्याच्या डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या प्रेसवर माझी जागा. पायाने पट्टी दाबली की वरचा ठोकळा दाणकन खाली येतो. त्या ठोकळ्याच्या आणि माणसाच्या हाताच्या मध्ये उभं राहायचं, एवढंच माझं काम.

एका वेल्डरने मला जोडून स्क्रूने प्रेसवर बसवलं. मला थोपटून तो म्हणाला, "आता बोटांची काळजी नाही!" मी फुशारले, पण ते सुख आठवडाभरच टिकलं.

त्या प्रेसवर मालकांच्या थोरल्या वहिनी बसायच्या. माझ्यामुळे त्यांना झाकण नीट दिसेना आणि वाकून वाकून मान आखडली. मालकांनी स्वतः माझे स्क्रू काढले. "जाळ्या परक्या कामगारांसाठी. वहिनी घरच्या, त्यांचा हात बसलाय," असं म्हणून त्यांनी मला दाराआड खिळ्याला टांगलं. बाकीच्या मशीनवरच्या माझ्या बहिणी मात्र जागच्या जागी होत्या.

तपासणीचे साहेब यायचे असले की मला रॉकेलच्या फडक्याने पुसून प्रेसवर बसवत. साहेबांची पाठ वळली की पुन्हा दाराआड. तेव्हापासून कोणी लाडाने पुसायला घेतलं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

एकदा कारखान्यात सुरक्षेच्या सल्लागार बाई आल्या. नियम समजून घ्यायला मालकांनीच त्यांना बोलावलं होतं. तरी त्या दिवशीही मला पुसून बसवलंच. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार! बाईंनी माझ्या झिजलेल्या स्क्रूंवर बोट फिरवलं.

"ही जाळी फार वेळा निघते."

"साफसफाईला हो," मालक म्हणाले.

मला बाईंचाही भरवसा वाटेना. चार ओळी खरडून निघून जातील, असंच वाटलं. पण त्यांनी मेन स्विच बंद केला, मला खाली उतरवलं आणि मालकांना म्हणाल्या, "मशीन बंद आहे. तुम्ही बसा आणि नुसते हातपाय चालवून वीस झाकणं करून दाखवा."

मालक हसत बसले. झाकण ठेवायचं, पट्टी दाबायची, काढायचं. हळूहळू हाताला वेग आला. तेराव्या वेळी झाकण तिरकं बसलं. मालकांचा हात ते सरळ करायला आत गेला आणि त्याच क्षणी पायाने पट्टी दाबली. ठोकळा जागचा हलला नाही, कारण वीज नव्हती. मालक हाताकडे बघत राहिले.

वहिनी हळूच बोलल्या, "माझं असं रोज होतं. दोनदा, तीनदा."

"रोज? मग सांगितलं का नाही, वहिनी?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी बसवलं असतं, भावोजी. मला घरी नाही बसायचं."

मालक प्रेसवरून उठले. मित्रांनो, मला आधी त्यांचा राग आला आणि मग स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं मी सगळ्यांवर संशय घेतला, पण वहिनींवर कधीच घेतला नाही. त्या हसऱ्या चेहऱ्याने रोज काय गिळत होत्या, ते मलाही कळलं नव्हतं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी वहिनींना विचारलं, "तुम्हाला नेमकं कुठे बघायला लागतं?" हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. वहिनींनी खडूने खूण केली. तिथे मला कापून जाड पारदर्शक पट्टी बसवली. मी जागेवर नसले की प्रेस चालूच होणार नाही, अशी जोडणीही केली. "जाळी दाखवून नियम पाळला जात नाही," बाई मालकांना म्हणाल्या, "हात आत जाता कामा नये, हा नियम आहे. मग तो हात कुणाचा का असेना."

आता वहिनी ताठ बसून काम करतात. मी मात्र अजून संशयी आहे आणि तुम्हीही थोडं व्हावं, असं मला वाटतं. तुमच्या घरातलं कोणी कामावरून आलं की त्यांना विचारा, "आज हात थोडक्यात वाचला का?" ते हसतील आणि नाही म्हणतील. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. जवळ बसा, त्यांचा हात हातात घ्या आणि पुन्हा विचारा.